कर्णाला कोणते गाणे द्यावे?

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आमच्या जिल्ह्यात इतक्या गंभीर मुद्रेने उच्चारली जाते, की तीत थट्टा किती आणि अभिमान किती याचा उलगडा परगावच्या पाहुण्यास अखेरपर्यंत होत नाही. गेल्या दिवाळीत माझा पुण्यास शिकणारा भाचा घरी आला असता, फराळाचे ताट समोर ओढून आणि कानांतली यंत्रे काढून ठेवून त्याने मला विचारले, "मामा, टीव्हीवरच्या महाभारतातल्या कर्णाला इंग्रजी रॉकमधलं कोणतं गाणं शोभंल?" त्याच्या मित्रमंडळींत म्हणे हा एक खेळच होऊन बसला आहे: कोणी दूरदर्शन मालिकेतील पात्राचे नाव पुकारावे, दुसऱ्याने त्यास साजेसे जुने रॉक गीत सुचवावे, आणि मग रात्रभर त्या जोडीच्या ग्राह्याग्राह्यतेचा वाद घालावा. त्याचा स्वतःचा निकाल तयारच होता. क्वीन या वाद्यवृंदाचे १९७५ सालचे 'बोहेमियन रॅप्सडी' हे गाणे त्याने कर्णाच्या नावे दाखल केले होते, कारण त्यात एक मुलगा आईला हाक मारतो, आणि कर्णाच्या कथेचा गाभा तर आई हाच!

मी त्या निकालावर तत्काळ अपील केले. परंतु अपिलाची कारणे सांगण्यापूर्वी हा खेळ मुळीच पोरखेळ नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'सी.एस.आय.' या गुन्हेशोधनाच्या मालिकेने 'द हू' या इंग्रज वाद्यवृंदाचे जुने गाणे शीर्षकगीत म्हणून घेतले, आणि पुढे तिच्या मायामी व न्यूयॉर्क या दोन शाखा निघाल्या तेव्हा त्यांच्याही शिरी त्याच वाद्यवृंदाची दोन गाणी बसविली. 'द सोप्रानोज' या गुंडपुढाऱ्याच्या कुटुंबकथेचा शेवटचा भाग १० जून २००७ रोजी दाखविला गेला, तेव्हा खाणावळीतल्या यंत्रावर नायकाने 'जर्नी' या वाद्यवृंदाचे १९८१ सालचे गाणे लावले, आणि ते गाणे ऐन भरात असताना पडदा एकाएकी काळा झाला. नायक जगला की मेला याचा वाद त्या तुटलेल्या सुराच्या आधारे लोक अद्याप घालीत आहेत. म्हणजे पात्रास गीत जोडणे ही एक कला आहे, तिला शिरस्ता आहे, आणि तिची वहिवाट मात्र रॉकहून फार जुनी आहे.

येथेच ती म्हण माझ्या उपयोगी पडली. पात्र आणि सूर यांची गाठ पद्धतशीरपणे कोणी बांधली, असा प्रश्न युरोपात विचारला तर उत्तर जर्मनी असेच मिळते. रिचर्ड वाग्नर याने आपल्या चार संगीतनाटकांच्या मालिकेत (तिचा पहिला समग्र प्रयोग १८७६ साली बायरॉइट येथे झाला) प्रत्येक पात्राला, तलवारीला, शापाला आणि नदीलाही एकेक लहान स्वरवाक्य नेमून दिले. पात्र रंगमंचावर नसले तरी त्याचे स्वरवाक्य वाजले, की प्रेक्षकाने ओळखावे, अमुक मनुष्य आता या प्रसंगाच्या मुळाशी उभा आहे. आजच्या चित्रपटांत व मालिकांत खलपुरुष येण्याआधीच त्याचे संगीत येते, ते याच जर्मन परंपरेचे वंशज होय. पण हे काम अत्यंत तुटपुंज्या साहित्यावर करून दाखविणारी माणसे पाहावयाची असतील तर परभणीस यावे, कारण येथे गोंधळ आहे, आणि राजाराम कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी या जिल्ह्याचे नाव त्या कलेत दूरवर नेले आहे.

लग्न उरकल्यावर घरच्या कुलदेवतेचा गोंधळ घालण्याचा कुलाचार आमच्याकडे पुष्कळ घरांत चालतो. अंगणात चौक मांडलेला असतो, दिवटी तेवत असते, पायघोळ झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ घातलेला नाईक उभा राहतो, आणि त्याच्या मागे संबळ, तुणतुणे व झांज एवढाच काय तो सरंजाम. संबळ म्हणजे कमरेस बांधलेली दोन तोंडांची जोडी: एक उंच, कडक बोलणारे, दुसरे खोल, घुमणारे, आणि दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वाकविलेले. पूर्वरंगात गणाची व देवतांची आवाहने झाली की उत्तररंगात आख्यान लागते, आणि तेथे हा एकटा मनुष्य घटकेत द्रौपदी होतो, घटकेत कृष्ण होतो. वेष बदलत नाही, पडदा नाही, प्रकाशयोजना नाही; बदलते ती केवळ संबळाची चाल. लहानपणी मी एकदा झोपेने अर्धमेला होऊन आजीच्या मांडीवर डोळे मिटून पडलो होतो, आणि तरीही द्रौपदी केव्हा आली हे मला कळले, कारण उंच तोंड एकदम गप्प झाले आणि खोल तोंडावर काठी नुसती घासल्यासारखी फिरू लागली. आख्यान 'जांभूळ' होते, जे पुढे विठ्ठल उमप यांनी मुंबईच्या रंगभूमीवर अजरामर केले: पाच पती असूनही द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उपजते आणि अखेर ती तिला कबूल करावी लागते, अशी ती लोककथा. व्यासांच्या ग्रंथात जे नाही ते लोकांनी सुराच्या जोरावर तिच्या मुखी घातले. पात्रास गीत जोडण्याचा पहिला नियम मी त्या रात्री शिकलो, असे आता वाटते. पात्राने काय केले हे गीताने सांगू नये, कारण ते कथा सांगतेच. पात्रास जे बोलता येत नाही ते गीताने बोलावे.

मराठी संगीत रंगभूमीने हाच नियम अधिक शास्त्रशुद्ध केला. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांचे वैर संवादांत जितके आहे त्याहून अधिक त्यांच्या गायकीत आहे. जितेंद्र अभिषेकींनी दोघांस दोन निराळ्या प्रकृतींचे संगीत दिले, आणि वसंतराव देशपांडे यांच्या कंठातून खाँसाहेबांचा अहंकार व त्याखालची व्यथा अशी एकदम बाहेर पडली, की डोळे मिटून ऐकणाऱ्यासही मनुष्य समोर दिसावा. पुढे दूरदर्शनचे युग आले आणि शीर्षकगीत नावाचा नवा प्रकार जन्मास आला. अशोक पत्की यांनी संगीतबद्ध केलेले, मंगेश कुळकर्णी यांनी लिहिलेले आणि देवकी पंडित यांनी गायिलेले 'आभाळमाया'चे शीर्षकगीत १९९९ सालापासून घराघरांत पोहोचले. ते ऐकू आले की स्वयंपाकघरातली माणसे हात पुसत बाहेर येत. परंतु असे गीत साऱ्या कुटुंबाचे, किंबहुना साऱ्या मालिकेचे असते. ते घराच्या दारावरची पाटी होय. आतल्या एकेका माणसाची रुजुवात त्याने होत नाही. भाच्याच्या खेळात नेमकी तीच करावयाची असते.

आता रॉक म्हणजे काय, हे आमच्या स्वरांच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो. 'क्लासिक रॉक' हे नाव मागाहूनचे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नभोवाणी केंद्रांनी साधारण १९६५ ते १९८५ या काळातल्या गाण्यांस ते चिकटविले. या संगीताचा प्राण विजेवर चालणारी गिटार. तिचा ध्वनी मोठा करणाऱ्या यंत्रावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार घातला, की ध्वनिलहरीची गोल शिखरे सपाट कापली जातात, त्यातून मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर उत्पन्न होतात, आणि तो परिचित खरखरीत, गुरगुरणारा नाद निघतो. 'द किंक्स' या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली तर ध्वनिक्षेपकाचा पडदाच ब्लेडने चिरून हा परिणाम साधला होता. मात्र असा नाद काढताना तीन स्वरांचा भरगच्च मेळ वाजविला तर उपस्वरांची गर्दी होऊन चिखल होतो. म्हणून वादक त्यातला गांधार वगळतात आणि केवळ षड्ज व पंचम एकत्र छेडतात. या दोन स्वरांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन असे साधे असल्यामुळे त्यांचे उपस्वर परस्परांत मिसळून जातात, आणि नाद कितीही खरखरीत केला तरी त्याचा पाया डळमळत नाही.

गांधार वगळण्याचा अर्थ काय? पाश्चात्त्य स्वरमेळात शुद्ध गांधार आला की वृत्ती प्रसन्न होते आणि कोमल गांधार आला की खिन्न. तो स्वरच काढून टाकला तर मनुष्य सुखी की दुःखी, सज्जन की दुर्जन, याचा निवाडा तहकूब राहतो. भलेबुरेपणाच्या सीमेवर उभ्या असलेल्या पात्रांस हे संगीत इतके का शोभते याचे एक कारण मला येथे सापडते. आमचा तंबोरा तरी काय करतो? पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज. गांधाराची तार त्यास नाहीच. आणि तरीही उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून गांधार आपोआप उमटतो, ज्यास जाणकार स्वयंभू म्हणतात. पात्राचा स्वभावही असाच, न छेडता ऐकू यावा.

या संगीताशी महाराष्ट्राचा काही संबंध नाही असे समजणाऱ्यांनी दोन दाखले पाहावेत. 'द हू'चा मुख्य गीतकार पीट टाउनसेंड हा मेहेरबाबांचा भक्त. पुण्यात जन्मलेले आणि अहमदनगरजवळच्या मेहेराबाद येथे समाधिस्थ झालेले मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांच्या नावांवरून त्याने आपल्या १९७१ सालच्या एका विख्यात गाण्याचे 'बाबा ओ'रायली' असे बारसे केले, आणि वर उल्लेखिलेल्या 'सी.एस.आय.'च्या न्यूयॉर्क शाखेचे शीर्षकगीत तेच. दुसरा दाखला क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीचा. मूळ नाव फारूख बलसारा, जन्म झांझिबारचा, घराणे पारशी. आणि शालेय शिक्षण पाचगणीस. कर्णासाठी भाच्याने निवडलेले गाणे सह्याद्रीच्या एका विद्यार्थ्याचे आहे, ही गोष्ट त्यास ठाऊक नव्हती. ती ऐकून त्याची बाजू बळकट झाल्यासारखे त्याला वाटले, पण मामला अजून संपलेला नव्हता.

बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० च्या जूनअखेरपर्यंत दर रविवारी सकाळी दाखविले जात असे, आणि आमच्या गल्लीतल्या ज्या एका घरी दूरदर्शन संच होता तेथे त्या तासापुरती सारी गल्ली, चपला बाहेर काढून, दाटीवाटीने बसत असे. तेव्हाची पात्रे आम्हा दोघांस समान परिचयाची, मला प्रत्यक्ष आणि त्याला मोबाइलवरून. म्हणून आम्ही खेळ तेथूनच सुरू केला. पहिले पात्र चटकन जुळले: हरीश भिमाणी यांच्या आवाजातला 'समय'. त्यास पिंक फ्लॉइड यांचे १९७३ सालचे 'टाइम' द्यावे, यात मतभेद होईना. ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्स याने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ निरनिराळे मुद्रित केले होते. गाण्याच्या आरंभी ती सारी एकदम टोले देतात, आणि मग कितीतरी वेळ गायक येतच नाही, नुसते ढोल दूरवर धडधडत राहतात. चक्र फिरत असलेल्या त्या काळ्या पडद्यासमोर याहून निराळे काय वाजवावे!

गुफी पेंटल यांच्या शकुनीसाठी मी रोलिंग स्टोन्सचे १९६८ सालचे 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' सुचविले. त्यात सैतान स्वतः बोलतो, पण दरडावून नव्हे, तर एखाद्या सुसंस्कृत पाहुण्याप्रमाणे अदबीने. मिखाईल बुल्गाकोव्ह या रशियन कादंबरीकाराचे ऋण त्या कल्पनेवर आहे. शिवाय ठेका ब्राझीलच्या सांबा नृत्याचा, म्हणजे ऐकणाऱ्याचे पाय नकळत हलू लागावेत असा. "भांजे" म्हणून लाघवाने हाक मारणारा मामा आणि पटावर खुळखुळणारे फासे यांना हाच ठेका शोभतो. (भाच्याने या ठिकाणी माझ्याकडे जरा निरखून पाहिले.) द्रौपदीसाठी त्याच वाद्यवृंदाचे १९६९ सालचे 'गिमी शेल्टर' भाच्याने काढले, आणि ती निवड मी मुकाट्याने मान्य केली. त्या मुद्रणासाठी मेरी क्लेटन या गायिकेस लॉस एंजेलिस येथे मध्यरात्री घरून बोलावून आणले होते. आश्रयाची याचना करीत तिचा स्वर चढत जातो आणि शिखरावर पोहोचताच फाटतो, आणि तो फाटलेला स्वर त्यांनी दुरुस्त न करता तसाच ठेवला. सभेत एकामागून एक ज्येष्ठांकडे न्याय मागणाऱ्या द्रौपदीचे बयाण दुसऱ्या कोणत्या कंठाने द्यावे?

अलीकडच्या मराठी मालिकांतली दोन पात्रेही आम्ही हाताळली. 'रात्रीस खेळ चाले'मधला माधव अभ्यंकरांनी उभा केलेला अण्णा नाईक, त्याचा वाडा, त्याची वासना आणि त्याची दहशत यांना 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाचे त्याच नावाचे १९७० सालचे गाणे लावावे. आरंभी पाऊस आणि दूरची घंटा, आणि मग षड्जावरून थेट तीव्र मध्यमावर जाऊन थांबणारी संथ गिटार. पंचमाचा आधार तोंडाशी येऊन हुकतो, त्यामुळे जिन्याची एक पायरी अंधारात नाहीशी झाल्याचा भास होतो. आणि परभणीत वाढलेल्या संकर्षण कऱ्हाडे यांनी 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये रंगविलेला, नायकाच्या पाठीशी उभा राहणारा समीर? त्यास बीटल्सचे १९६७ सालचे 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. मर्यादित पल्ल्याच्या रिंगो स्टारला पेलावे म्हणून ते मुद्दाम थोड्याच स्वरांत बांधले आहे. सहायक पात्राचे मोठेपण असेच असते. त्याला तार सप्तकात जाण्याची मुभा नसते. जो कॉकरने गायिलेले त्याचेच रूप १९८८ साली अमेरिकेत 'द वंडर इयर्स' या मालिकेचे शीर्षकगीत झाले होते, हे कळल्यावर आम्हास आमच्या जोडणीबद्दल थोडी फुशारकीही वाटली.

अखेर कर्णाचा मामला पुकारला गेला. 'बोहेमियन रॅप्सडी'वर माझी हरकत अशी, की शब्द जुळले म्हणजे पात्र जुळले असे होत नाही. 'द पोलिस' या वाद्यवृंदाचे १९८३ सालचे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लोक प्रेमगीत समजून लग्नांत वाजवितात, वास्तविक ते पाळत ठेवणाऱ्या मत्सरी माणसाचे गीत आहे, आणि गीतकार स्टिंग स्वतः ते सांगून थकला. तोच प्रमाद येथे होतो. त्या गाण्यातला मुलगा अपराध करून आईकडे धावतो आणि कबुली देतो. कर्णाच्या कथेत कबुली मुलाची नसून आईची आहे. युद्धाच्या तोंडावर कुंतीच त्याच्याकडे येते, आणि तो जाग्यावर उभा राहून ऐकतो. धावण्याची दिशाच उलटी.

मी सुचविले ते 'द हू'चे १९७१ सालचे 'बिहाइंड ब्लू आइज'. टाउनसेंडने 'लाइफहाउस' नावाच्या एका अपुऱ्या राहिलेल्या नाट्यप्रकल्पातील खलपात्रासाठी ते लिहिले होते; जग ज्याला दुष्ट म्हणून मोकळे झाले आहे असा मनुष्य त्यात आपली बाजू आपल्याच तोंडाने मांडतो. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णास स्वतः बोलावयास लावले, तो हाच न्याय. गाणे अर्ध्याहून अधिक सरेपर्यंत केवळ साधी गिटार आणि संयत कंठ. मग एकाएकी ढोल व विजेची गिटार कोसळतात, कोंडलेला संताप क्षणभर उघडा पडतो, आणि लगेच सारे आवरून आरंभीची शांतता परत येते. पंकज धीर यांच्या कर्णाने "सूतपुत्र" हा शब्द ऐकल्यावर ज्या रीतीने जबडा आवळून मान खाली घातली होती, ती रीत या रचनेत स्वच्छ उमटते. भाच्याने ते दिवे मालवून, डोळे मिटून, दोनदा ऐकले, आणि "हे हाय मामा" एवढेच म्हणाला.

मग त्याने विचारले, "आन् कुंतीला?" येथे मात्र आम्ही दोघेही अडलो. बहुतेक तरुण पुरुषांनी रचलेल्या त्या वीस वर्षांच्या दप्तरात प्रियकर आहेत, बंडखोर आहेत, सैनिक आहेत, सैतानही आहे. परंतु पोटच्या मुलासमोर उभी राहून जन्मभर लपविलेली गोष्ट सांगणारी आई आम्हास त्यात सापडली नाही. ती सापडते ती जात्यापाशी, जेथे गंगाखेडच्या जनाबाईंपासून आमच्या आजीपर्यंतच्या बायकांनी दुसऱ्या कोणास सांगता न येणारे सारे काही दळता दळता सांगून टाकले. मी भाच्याला ओवीच सुचविली. तो म्हणाला, नियमात बसत नाही, गाणे रॉकच पाहिजे. कुंतीची जागा त्यामुळे अद्याप रिकामी आहे, आणि कोणा वाचकास तिच्या तोंडी शोभेल असे गाणे माहीत असेल तर त्याने ते आधी डोळे मिटून ऐकावे, आणि मगच सुचवावे.